अखजीचं पाणी

बडनेऱ्याजवळच्या एका गावात पटकी शिरण्याआधी विहिरीत लाल दवा टाकायची, हे काम आरोग्य कचेरीनं हरिहर मास्तरांच्या गळ्यात घातलं. मास्तर खुशीत होते, कारण भाषणाची हौस दांडगी. शिवाय बहीण अनसूया त्याच गावात दिलेली. तिचा दोन वर्षांचा उद्धव त्याच विहिरीचं पाणी पीत होता, आणि शेजारच्या गावात पटकीनं सात माणसं गेली होती.

मास्तरांनी जंतूंवर तासभर भाषण ठोकलं. मग कोतवाल सूर्यभानाकडून दवंडी पिटवली: सरकारी हुकूम, उद्या विहिरीत दवा पडणार! सारं गाव घागरी घेऊन विहिरीकडे धावलं. आपल्या वाणीचा प्रताप बघून मास्तर मिशीतल्या मिशीत हसले.

दुसऱ्या दिवशी दवा टाकून ते बहिणीकडे जेवायला गेले. बघतात तो घागरी, हंडे, पुरणाचं पातेलंसुद्धा काठोकाठ भरलेलं!

"हे काय गं, अनू?"

"दादा, तूच त सांगितलं ना दवा पडनार म्हून. साऱ्या गावानं कालच भरून ठेवलं. आता त्या लाल पान्याची कटकट नाही."

भाषणानं गाव हललं होतं, पण भलतीकडेच. उद्धवच्या हातातला पेला त्यांनी हिसकावला, पोरानं भोकाड पसरलं. 'जंतू' हा शब्द त्यांनी ओठांवरून परत गिळला. भरलेलं पाणी ह्या बाया फेकतात तरी कधी, याचंच त्यांना कुतूहल वाटलं. शाळेतली भाषा सोडून ते म्हणाले, "हे पानी कवा सांडाचं?"

"उद्या, अखजीले. पितरायची घागर का शिळ्या पान्यानं भरतेत? सणाले सारंच ताजं लागते."

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उद्याच! मास्तर जेवण सोडून कोतवालाकडे पळाले. नवी दवंडी फिरली. तीत ना सरकार, ना हुकूम: उद्या अखजी, पितरायले शिळं पानी पाजू नका, साऱ्या घागरी रित्या करा हो!

सकाळी अंगणोअंगणी पाणी सांडलं. विहिरीवर बायांची गर्दी झाली. अनसूयेच्या सासूबाई गोदाबाई पहिली कळशी वर ओढून थबकल्या. पाणी गुलाबी होतं.

"मास्तर, हे त दवाचं पानी. पितरायले चालन का?"

साऱ्या बाया त्यांच्याकडे बघू लागल्या. मास्तरांनी पुढे होऊन कळशीला हात लावला.

"दवाचंच हाय, मावशी. आमच्या बाबाले पटकीनं नेलं. त्यायची घागर मी आज याच पान्यानं भरनार हाय."

अनसूयेनं डोळ्याला पदर लावला. गोदाबाईंनी कळशी पितरांच्या घागरीत ओतली आणि दोर पुन्हा विहिरीत सोडला.

"आता उद्धवच्या प्याचं काढतो," त्या म्हणाल्या.