कुंदावहिनींची पायरी

"अरे, अजून खणतोस कशाला? माती टाक आणि मोकळा हो!" सेक्रेटरी विद्याधरपंत वरून ओरडले.

अनंता मिस्त्री कमरेएवढ्या खड्ड्यात उभा होता. अंधेरीतल्या या नव्या कॉलनीचं अंगण तीन वर्षांत तिसऱ्यांदा खचलं होतं. आधी दोनदा पंतांच्या शब्दाखातर त्याने वरवर माती लोटून फरशी बसवली होती. आपल्याच मूर्खपणाची आता त्याला चीड येत होती.

"साहेब, खाली विहीर आहे. माडाचे ओंडके न् केरकचरा टाकून बुजवलीय. ते कुजतंय, माती खाली जातेय. सगळं उपसून दगडाचे थर ठोकले पाहिजेत."

"नकाशात विहीर नाही."

"नकाशा गेला खड्ड्यात! अंजनाबाईला विचारा ना."

अंजनाबाई जुन्या गावठाणातली मासेवाली. तिच्या घरची प्रत्येक बाळंतीण याच विहिरीवर पाणी पुजायला यायची. विहीर बुजली, तरी म्हातारीने रीत सोडली नाही. गेल्याच महिन्यात नातसुनेला घेऊन आली आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहणाऱ्या कुंदावहिनींच्या पायरीवर हळदकुंकू वाहू लागली. पायरी घाण केली म्हणून पंतांनी तिला हाकललं. अडाणी म्हातारीला ठाऊक होतं ते या शिकल्यासवरल्या माणसाला बघायचंच नव्हतं.

"अर्धी विहीर कुंदावहिनींच्या खोलीखाली आहे, साहेब. भिंतीच्या चिरेत बोट जातंय माझं!"

"हळू बोल! रविवारी चेअरमनसाहेब या अंगणातल्या बागेचं उद्घाटन करणार आहेत. बभ्रा नको. तुला जमत नसेल तर दुसरा बोलावतो."

"बोलवा. हे पाप तिसऱ्यांदा माझ्या हातून होणार नाही." अनंताने घमेलं पंतांच्या पायाशी आदळलं.

तासाभरात दुसरे गडी आले. अनंता मात्र घरी गेला नाही. तो कुंदावहिनींच्या दारात उभा राहिला. त्यांचा नवरा साकीनाक्याच्या कारखान्यात गेला होता, आणि चीर गेलेल्या भिंतीलगत बाळाचा पाळणा टांगलेला होता.

"वहिनी, पाळणा हलवा. आणि मालक आले की सगळे माहेरी जा."

"पण पंत म्हणतात, काही होत नाही."

"त्यांचं पोर झोपतं का इथे?"

कुंदाने बाळ उचललं. अनंताने पाळणा सोडला. बाहेर माती धपाधप पडत होती. दाराजवळच्या तुळईला त्याने पाळण्याची दोरी बांधली, दोन्ही हातांनी लोंबकळून तिला ताण दिला आणि मगच म्हणाला, "निजवा आता."