काखेत आवळतंय का?

माझ्या आत्याला अजून वाटतं की मी कुत्र्यांना कसरती शिकवते. कुत्रे असे का वागतात ते शोधून घरच्यांना सल्ला देणं, हे माझं काम तिला तीनदा समजावलं आणि मग नाद सोडला. "माणसांशी पटलं नाही म्हणून कुत्र्यांकडे गेली," असं ती सगळ्यांना सांगते. तिला एवढंच माहीत नाही की या कामात कुत्र्याला दहा मिनिटं लागतात आणि उरलेला सगळा वेळ माणसांशी डोकं लावण्यात जातो.

शिंपीकाकांचा फोन आला तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला तीन टाके पडले होते. शिंप्याला दुसऱ्याने टाके घालावेत, याचाच त्यांना जास्त राग होता. चावला होता त्यांचाच कुत्रा बटण्या, सहा वर्षांचा, तांबूस, काळ्या गोल डोळ्यांचा. पुढच्या रविवारी त्यांची लेक दहा महिन्यांच्या बाळाला घेऊन महिनाभर राहायला येणार होती, आणि कुत्रा असेल तर येणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं होतं. काकांनी त्याला कुत्र्यांच्या निवाऱ्यात सोडायचं बोलणंही करून ठेवलं होतं.

"तुम्ही एकदा बघून जा," ते म्हणाले. "म्हणजे नंतर मनाला टोचणी नको."

कुणाच्या मनाची टोचणी घालवायला जाणं मला मुळीच आवडत नाही. तरी गेले.

पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. कापडं बेतायच्या टेबलाखाली बटण्या होता. मी त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसले आणि वही उघडली. पहिला अर्धा तास मी कुत्र्याकडे बघत नाही, घरातली माणसं काय करतात ते लिहिते. लोकांना ते विचित्र वाटतं. वाटू दे.

"काही सूचना नाही, काही नाही, एकदम चावला," काका सांगत होते. "आणि इतका गुणी की कधी गुरगुरतही नाही. दोन महिन्यांपूर्वी गुरगुरायचा, मी सवय मोडली."

कशी मोडली ते त्यांनी दाखवलंच. लाकडी पट्टी टेबलावर फाडकन आपटली. मी मान वळवून पाहिलं. बटण्याने जांभई दिली, नाक चाटलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"बघा, झोप आली त्याला," काका म्हणाले.

झोप कसली, तो घाबरला होता.

दारात उभ्या काकू म्हणाल्या, "मला वाटतं, त्याला उचलताना..."

"तू थांब, मी सांगतोय ना."

मी वहीत लिहिलं, 'तू थांब', चौथ्यांदा. काकू मूग गिळून आत गेल्या.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक कोटाचं फिटिंग बघायला आलं. काकांनी त्याला कोट चढवला, दुखऱ्या हातानेच खांदे चाचपले. "हात वर करा. काखेत आवळतंय का?" माणूस म्हणाला, थोडंसं. काकांनी लगेच धावदोरा उसवला, खडूने खूण केली, पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. इतक्या मायेने विचारत होते की मला त्यांच्यावर धड रागावताही येईना.

पाणी प्यायच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात गेले. काकू आवाज खाली आणून म्हणाल्या, "दुकान बंद करताना हे त्याला टेबलाखालून काखेत हात घालून ओढून उचलतात. परवा तेव्हाच चावला. सकाळी उठताना त्याचा मागचा पाय आखडतो हो. दोन महिने सांगतेय मी. म्हणजे सांगायला सुरुवात करतेय."

माझं डोकं तापलं. उत्तर दोन महिने घरातच होतं आणि मला बाहेरून बोलावलं होतं. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी कसाबसा दम धरला.

"काका, त्याचा पाय दुखतोय. तुम्ही उचलता तेव्हा जास्त."

"ताई, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच."

"शेपूट राहू दे वाकडं. आत्ता त्या माणसाने काखेत आवळतंय म्हटलं. त्याच्यासमोर पट्टी का नाही आपटलीत?"

काका हसले. "असं कसं? त्याने सांगितलंच नाही तर मला कळणार कसं?"

हातातली पट्टी त्यांनी हळूच टेबलावर ठेवली. मग तेच म्हणाले, "म्हणजे तो सांगत होता."

"रोज. तुम्ही त्याचं सांगणंच बंद केलंत. मग त्याच्याकडे दातच उरले."

जनावरांच्या डॉक्टरांनी कंबरेच्या सांध्याला सूज आहे म्हणून औषध दिलं. उचलणं बंद झालं. काका आता टेबलाशी बसून हाक मारायचे आणि तो येईपर्यंत थांबायचे. पट्टी कपाटावर गेली. बाळ आणि बटण्या यांना एकत्र एकटं सोडायचं नाही, क्षणभरही नाही, हे मी दोघांकडून वदवून घेतलं. मग लेकीला फोन केला. ती म्हणाली, "एक दिवस बघते. नुसता गुरगुरला तरी तशीच परत निघेन."

रविवारी मी गेलेच. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. निवाऱ्यातल्या पिंजऱ्यात सहा वर्षांच्या लंगड्या कुत्र्याचं काय होतं ते मला माहीत आहे.

बाळ काकांच्या पायाशी बसलं होतं. बटण्या पलीकडे आपल्या गोधडीवर होता. बाळ रांगत दोन हात पुढे सरकलं. बटण्याने नाक चाटलं. तोंड वळवलं. बाळ अजून एक हात पुढे आलं आणि बटण्या गुरगुरला. हलकंच, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

काकूंची नजर कपाटावरच्या पट्टीकडे गेली. काकांनी वाकून बाळाला उचललं आणि म्हणाले, "कळलं रे. सांगितलंस, बरं केलंस."

लेक उभी राहिली होती. "बाबा, गुरगुरला तो."

"हो ना," काका म्हणाले. "दोन महिन्यांनी बोलला माझ्याशी."

बाळ लांब गेलेलं पाहून बटण्याने पंजांवर मान टाकली आणि डोळे मिटले. या वेळी खरंच झोप होती. लेक बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने बाळाची पिशवी खांद्यावरून काढून खुंटीला अडकवली.

"पस्तीस वर्षं झाली लग्नाला," काकू म्हणाल्या. "मीसुद्धा गुरगुरून बघू का एकदा?"

काकांच्या तोंडाशी 'तू थांब' आलेलं मला दिसलं. ते त्यांनी गिळलं. बाळाला लेकीकडे दिलं आणि काकूंसाठी गिऱ्हाइकाचं स्टूल पुढे ओढलं.

"बस," ते म्हणाले. "कुठे आवळतंय ते सांग."

काकू बसल्या, आणि सांगायला लागल्या.