तेल अडलं तेव्हा

मित्रांनो, मी एक दगडी पेटी आहे आणि माझ्या पोटात हुतात्मा गद्दाईंच्या अस्थी आहेत. अपामेया शहरातल्या कुंभारआळीच्या चर्चमध्ये मी दोन पिढ्या बसून आहे. माल्खोस पाथरवटाने मला घडवलं. डोक्यावर एक भोक, पायाशी एक. वरून ओतलेलं तेल अस्थींवरून खाली येतं, ते लोक कुपीत भरून दुखऱ्या गुडघ्यांना लावतात. गुडघे बरे होत असावेत, कारण लोक पुन्हा चालतच येतात.

आधी इथे नुसता उकिरडा होता. मी आले आणि माझ्याभोवती आळी वसली. मेल्यावरही लोकांना याच भिंतीलगत जागा हवी असते.

एका वर्षी, उत्सव आठ दिवसांवर असताना, आत गेलेलं तेल बाहेर आलंच नाही.

"संत रुसले," पाव भाजणारा सर्गिस म्हणाला. "मार्थानाबाई, दिवाबत्ती तुमच्याकडे. तुम्हीच काहीतरी केलं असेल."

"तुझा पाव खाऊन रुसले असतील," मार्थाना म्हणाली.

बिशपांचा निरोप आला. संतांना इथे राहायचं दिसत नाही, तेव्हा उत्सवाच्या दिवशी अस्थी वेशीजवळच्या नव्या चर्चमध्ये नेऊ. आळीच्या तोंडचं पाणी पळालं. मला तर धडकीच भरली, कारण मला खरं ठाऊक होतं. महिन्यापूर्वी लेक तापाने फणफणली, तेव्हा मार्थानाने तिच्या झग्याची चिंधी माझ्या खालच्या भोकात खुपसली होती. लेक बरी झाली, चिंधी विसरली गेली. तेल पिऊन पिऊन ती फुगली. आणि मला दोन तोंडं असून बोलता येत नाही.

उत्सवाला बिशप बैलगाडी घेऊन दारात आले. मार्थाना मला शेवटचं पुसायला वाकली आणि तिचं बोट चिंधीला लागलं. सांगावं तर आळीत तोंड दाखवायची सोय नाही, न सांगावं तर संत निघाले.

"बाबा, संत रुसले नाहीत," ती बिशपांना म्हणाली. "बोळा मी कोंबलाय. लेक तापली होती."

तिने चिंधी ओढली. साठलेलं तेल भळकन बिशपांच्या जोड्यांवर आलं.

बिशपांनी चिंधी उचलली. "किती दिवस होती ही अस्थींपाशी?"

"महिना झाला."

"मग हीही पवित्रच."

त्यांनी अस्थींऐवजी तीच रेशमात गुंडाळली आणि वाजतगाजत वेशीकडे नेली. आज तिकडे माझ्याकडच्यापेक्षा मोठी रांग असते. असू दे, संत माझ्याकडे आहेत. पण कोणी आई आजारी लेकरू घेऊन माझ्यापुढे वाकली, की अजून पोटात गोळा येतो. मित्रांनो, भक्ती हवी तेवढी ओता, पण वरच्या भोकातून. खालचं तेवढं मोकळं राहू द्या.