चावडीवरचा दवाखाना

विंझरच्या पंचांना आपल्या दवाखान्याचा भारी अभिमान. डॉक्टर आणि औषधं भोर संस्थानची, दर बुधवारी डॉक्टरला फुकट आणणारी मोटार भोरच्या जलालशेटची आणि जागा गावाची. चिमाजी पाटलांनी तर गावातली सगळ्यात मानाची जागा दिली, चावडी! आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. चावडीची पायरी बाईनं चढायची नाही, हा गावचा रिवाज. एवढ्या शहाण्या पंचांत एकालाही तो आठवू नये?

बायका फिरकल्या नाहीत. गडी आले, ते खोकल्याचं औषध गोड लागतं म्हणून. शेवटी डॉक्टर वैतागले. "रोगी नाहीत, असं मी वर कळवलंय. आजचा बुधवार शेवटचा," म्हणाले.

हे रतनबाईच्या कानावर आलं. तिची सखू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पाय सुजलेले होतेच, आता तोंडही सुजलं होतं, सकाळपासून डोळ्यांपुढं अंधारी येत होती. रतनबाईनं लेकीला धरून आणलं ते थेट चावडीखाली उभ्या असलेल्या मोटारीपाशी.

"शेट, ह्ये पडदे सोडा अन् डाक्टरला खाली बोलवा. मोटारीत चढायला आमाला कुणाची बंदी न्हाई."

मोटारीत वेल्ह्याच्या बाजाराला निघालेले उतारू बसले होते. जलालशेटनं त्यांना खाली उतरवलं, पडदे सोडले. डॉक्टर कुरकुरत आत शिरले. बघता बघता मोटारीमागं पदर ओढून बायका उभ्या राहिल्या. कुठं दडल्या होत्या इतक्या, देव जाणे!

पाटील तणतणत चावडी उतरले. "गावानं चावडी दिली, ती कमी पडली व्हय गं रतने?"

"चावडी लई थोर हाय, पाटील. आमीच तिथवर पोचत न्हाई."

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांची कुरकुर पार गेली होती. "हिला आत्ताच्या आत्ता भोरला न्यायचं. उशीर झाला तर आई जाईल आणि मूलही. बाकीच्यांना पुढच्या बुधवारी बघतो."

जलालशेटनं उतारूंपुढं हात जोडले आणि मोटार भोरच्या दिशेनं वळवली. पण पाटील हट्टी माणूस, रस्त्यातच उभे. "आदी गावाच्या मानाचं बोला. मग हलवा मोटार."

तेवढ्यात बायकांतून एक पुढं झाली. तिनं पदर जरा मागं सारला. पाटलांचीच बायको, फुलाबाई.

"अवं, बाजूला व्हा. पोरीला जाऊ द्या. पुढल्या बुधवारी मलाबी दाखवायचंय."