उसन्या श्वासाची पिशवी

मी एक जुनी हवेची पिशवी आहे, मित्रांनो. रबराचे अंग आणि पुढे तोंडावर बसणारा मुखवटा. ज्याचा श्वास अडतो त्याच्या तोंडावर मला धरून दाबतात, मग माझ्यातली हवा त्याच्या छातीत जाते. कारखान्यातून निघाले तेव्हा मी चकचकीत होते. आता नाचणगावजवळच्या एका लहान आरोग्य उपकेंद्रात, कपाटात पडून असते. दीपमाला सिस्टर अधूनमधून मला दाबून पाहतात, पुसतात आणि कपाट लावतात. मग पुन्हा अंधार. कुणाची पावले वाजली की वाटते, मलाच न्यायला आले. पण ती पुढे जातात.

एका दुपारी तानाबाई धापा टाकत आल्या. त्यांचे यजमान कवडूजी गवंडी होते. तोंडाच्या कॅन्सरने खाटेला खिळले होते. वेदनेसाठी त्यांना मोठ्या दवाखान्यातून मॉर्फिनच्या गोळ्या मिळत. त्या दिवशी कळ सोसेना म्हणून त्यांनी जास्त गोळ्या घेतल्या होत्या. आता ते जागे होत नव्हते.

मला घेऊन सिस्टर धावल्या. घराला आतून कडी! आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. शेजारच्या बंडूजींना वाटले, कवडूजी पिऊन पडले आहेत, पोलिसांचे लचांड नको, म्हणून त्यांच्याजवळ बसून त्यांनीच कडी लावली होती.

"झोपू द्या ना वहिनी! घोरून राह्यला म्हणजे जित्ता आहे," ते आतून म्हणाले.

"दारू नाई ना भाऊ, दुखण्याच्या गोया हायेत त्या! दार उघडा!" तानाबाई ओरडल्या.

बंडूजींनी कडी काढली. त्यांच्या हातात ताकाचा गिलास होता. "नशा उतरन म्हणून पाजून राह्यलो होतो."

"बेशुद्ध माणसाले ताक? ठसकून मरन ना तो!" सिस्टर म्हणाल्या. त्यांनी कवडूजींचे खांदे हलवले, छातीचे हाड चोळले. उत्तर नाही. ओठ निळे. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. ती घरघर झोपेची नव्हती. श्वास बुडत होता. "बंडूभाऊ, १०८ ले फोन लावा!"

मग सिस्टर मला दाबत, थांबत, पुन्हा दाबत. छाती वर येई, खाली जाई. तेवढा वेळ त्या माणसाचा श्वास मीच होते. इतकी जवळ मी कधीच कुणाच्या नव्हते.

गाडी आली. गाडीतल्या डॉक्टरांनी गोळ्यांवरच्या उताऱ्याचे इंजेक्शन दिले आणि थोड्या वेळाने छाती आपणहून हलू लागली. इंजेक्शनचा असर ओसरला की श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून कवडूजींना दवाखान्यात नेले. सगळे गाडीमागे गेले. मी खाटेखाली पडून राहिले.

कवडूजी घरी परतले. आता गोळ्या तानाबाई स्वतः देतात. मला मात्र कवडूजींनी कधी पाहिले नाही; माझ्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेलेच असतात.

मित्रांनो, कुणी हलवूनही उठत नसेल, घशात घरघर असेल, ओठ निळे पडले असतील, तर झोप समजू नका. काही पाजू नका. मोठ्यांना हाक मारा, १०८ लावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा आणि त्याला एकटे सोडू नका. कुणी काय घेतले, हा राग नंतर.

मला पाय नाहीत. मला न्यायला कुणीतरी यावे लागते, आणि श्वास आहे तोवर यावे लागते.