कासऱ्यावरचा ट्रॅक्टर

लोकाच्या दारात दसऱ्याच्या आधी म्हैस येते, शिलाई मशीन येतं, गेलाबाजार चार कोंबड्या तरी येतात. मुक्ताबाईच्या दारात काय आलं, तर गंजून लाल झालेला बुटका ट्रॅक्टर! तोही दुसऱ्याच्या बैलांना बांधून ओढत आणलेला. आणि त्याच्या मागं कुबडी टेकत, नवरदेवाच्या तोऱ्यात, तिचा नवरा आश्रुबा.

"आवो, हे काय आणलं?"

"ट्रॅक्टर हाय."

"मला दिसायलंय ट्रॅक्टर हाय ते. कावून आणला?"

आश्रुबानं ओट्यावर बूड टेकलं आणि सगळं सांगितलं. ट्रॅक्टर वाडीच्या फळबाग सोसायटीचा. मोसंबीच्या बागा नव्या होत्या तेव्हा सोसायटीनं हौसेनं घेतलेला, उंचीला इतका कमी की फांद्यांखालून सुरकन निघून जायचा. पुढं मोठे ट्रॅक्टर आले आणि हा बिचारा गोदामामागं बाभळीखाली पडला तो पडलाच. आता दुष्काळानं विहिरींचे तळ दिसत होते आणि मोसंबी पानं टाकत होती. सोसायटीच्या हौदात टँकरचं पाणी पडायचं, पण ते झाडाच्या बुडापर्यंत न्यायचं कसं? मोठा ट्रॅक्टर आत घातला तर फांद्या मोडतो, आणि बायकांनी घागरीनं वाहून वाहून वाहायचं तरी किती? म्हणून चेअरमन सुंदरराव म्हणाले होते, "आश्रुबा, ह्यो बुटका चालू करून दाखव. सगळ्या सभासदांच्या बागांना पाणी द्यायचं काम तुझं, सालभर. न्हाई जमलं तर भंगारात घालू."

मुक्ताबाईनं ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारून बघितलं. कारण दसऱ्यानंतर सटवा मुकादमाचा ट्रकही सुटायचा, ऊसतोडीला. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. लग्न झाल्यापासून ह्या दोघांचा कोयता कधी चुकला नव्हता. दोघं मिळून ऊस तोडायची, मग आश्रुबा बैलगाडीनं तो कारखान्यावर न्यायचा. गेल्या हंगामात गाडी उलटली आणि आश्रुबाचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. बैलही विकावे लागले. आता सटवा म्हणत होता, वयनीनं अर्धा कोयता म्हणून माझ्या भावजयीसंगं यावं. म्हणजे ही सहा महिने परमुलखात, पाचटानं शाकारलेल्या कोपीत, आणि हा इथं एकटा, कुबडी सावरत चुलीपुढं. ट्रॅक्टर चालला तर हे सगळं टळणार होतं. तोंडानं मात्र ती म्हणाली, "माझ्या न्हाणीपुढं लावू नका ते धूड."

मग काय, अंगणाचं पार गॅरेज झालं! इंजिन गंजानं धरलेलं होतं, फिरतच नव्हतं; त्यात आश्रुबानं डिझेल ओतून मुरू दिलं. मुक्ताबाई खरकटं पातेलं घासावं तशी विटकरीनं गंज घासायला बसली. तोंडानं शिव्या चालू आणि हातही चालू. दार रंगवून उरलेला निळा ऑइलपेंट तिनंच माळ्यावरनं काढला. बसायला जुन्या वाकळीची जाड गादी शिवली, तीही अशी की पुढाऱ्यानं बसायला मागावी. नेकनूरचा धोंडीराम, आश्रुबाचा दोस्त, वेल्डिंगचं सामान घेऊन आला. डाव्या पायानं दाबायच्या क्लचला त्यानं वर लांब पाईप जोडला.

"पाईप पुढं ढकलायचा, की क्लच दबला, गाडी थांबली," धोंडीराम म्हणाला. "ब्रेकला तुझा उजवा पाय हाय की बे. आनखी काय पाह्यजे?"

चाचणीला सुंदरराव आले, सटवा आला, आणि निम्मी वाडी फुकटचा तमाशा बघायला आली. धोंडीरामनं हँडल मारलं. बुटक्यानं काळा धूर ओकला, खोकला, आणि काय सांगावं, चालू झाला! आश्रुबानं अंगणाला एक फेरा मारला. मुक्ताबाईला वाटलं, जत्रेतला घोडासुद्धा इतका देखणा नसंल.

दुसऱ्या फेऱ्याला न्हाणी समोर आली. आश्रुबा घाबरला. "हो! हो ऽऽ!" असं ओरडत त्यानं पाईप दोन्ही हातांनी गच्च छातीशी ओढला. ब्रेकची तर आठवणच राहिली नाही. ट्रॅक्टर सरळ न्हाणीत घुसला आणि पत्रे धडाधड खाली आले. धोंडीरामनं उडी मारून इंजिन बंद केलं.

लोक पोट धरून हसले. "आरं, बैल न्हाई त्यो!" सुंदरराव तेवढे हसले नाहीत. "आश्रुबा, बागेत झाडाझाडाला थांबावं लागंल," ते म्हणाले. "असं झालं तर झाडच आडवं व्हायचं. परवा बागेत एकदा बघू. तिथंबी न्हाई जमलं, तर मंग माझा इलाज न्हाई."

सटवानं डाव साधला. "मंग वयनीचं नाव धरू ना?"

"धर," आश्रुबा खाली मान घालून म्हणाला.

मुक्ताबाईनं नवऱ्याकडं चमकून बघितलं. इतके दिवस हातापाया पडून ज्यानं तिला थांबवायचं बघितलं, त्यानंच जा म्हणावं?

सकाळी ती वाकलेले पत्रे सरळ करत बसली होती, स्वतःशी धुसफुसत. नवऱ्याचा राग, धोंड्याचा राग, दात काढणाऱ्या वाडीचा राग. आणि मधेच तिचा हात थांबला. हा माणूस हो हो म्हणाला आणि त्यानं मागं ओढलं. ओढणारच की! जन्मभर कासरा मागं ओढून बैल थांबवलेत त्यानं. भ्यालेल्या वक्ताला ते हात पुढं कसे ढकलतील?

ती तडक कोरड्या विहिरीवर गेली आणि कप्पी सोडून घेऊन आली.

"धोंडीरामला बोलवा."

"कशाला?"

"बोलवा म्हणते ना!"

पाईप कापून टाकला. पेडलच्या पुढं, खाली, कप्पी बसवली. पेडलला बांधलेला दोर पुढं जाऊन कप्पीवरनं फिरून मागं आश्रुबाच्या हातात आला. दोर मागं ओढला की पेडल पुढं दबायचं. ओढलेला दोर अडकवायला धोंडीरामनं एक खुंटीही लावून दिली, म्हणजे गिअर टाकायला हात मोकळा.

"ट्रॅक्टरला कासरा?" आश्रुबा ओशाळून म्हणाला. "लोक दात काढतेल."

"काढू द्या. दात त्यांचे, ट्रॅक्टर आपला."

"पण तुझं नाव तं सटवाकडं गेलंय."

"मी न्हाई दिलं. तुमी दिलंय, तुमीच काढा."

ठरल्या दिवशी सुंदररावांच्याच बागेत बुटका शिरला. मागं पाण्याची टाकी, टाकीमागं पाईप धरून मुक्ताबाई. तिनं मनातल्या मनात लिंबागणेशच्या गणपतीला हात जोडले. पहिलं झाड आलं.

"हो ऽऽ!"

कासरा ताणला गेला आणि ट्रॅक्टर झाडापाशी गपकन उभा राहिला. बांधावर कुणीतरी फिदीफिदी हसलं. दुसऱ्या झाडाला हसू कमी झालं. ओळ संपेस्तोवर सगळे माना उंच करून बघत होते. सुंदररावांनी टोपी काढून घाम पुसला. "आश्रुबा, उद्यापासनं ये," ते म्हणाले.

आश्रुबानं वळून बांधाकडं हाळी दिली, "सटवा, हिचं नाव काढून टाक बे!"

"आरं, वयनीला तं इचार!"

"तिनंच सांगितलंय!"

सटवा तोंड वाकडं करून गेला. मुक्ताबाई त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघतच राहिली. हातातल्या पाईपचं भानच राहिलं नाही.

"आगं ए! ध्यान कुठाय तुझं?" आश्रुबा कडाडला. "पानी वाटंवर चाललंय! आळ्यात सोड की! येवढं टँकरचं पानी, आन् बाई उभी हाय बघत!"

मुक्ताबाई दचकली. पाय गेल्यापासून हा माणूस कुणावर म्हणून ओरडला नव्हता. भाकर करपली तरी बरी हाय म्हणायचा, कुणी टोमणा मारला तरी बरं बाबा म्हणायचा. असला गरीब नवरा बघून तिनं किती वेळा चुलीच्या धुरात डोळे पुसले होते, ते तिचं तिलाच ठाऊक.

तिनं पाईप आळ्यात सोडला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि हसूही आवरत नव्हतं.

"ओरडा," ती म्हणाली, "आजून ओरडा."