टाळ्यांचा शनिवार

शनिवारची सकाळ होती आणि शर्ट शिवण्याच्या त्या कारखान्यात धाकटे मालक माणसाला कामाची प्रेरणा कशी मिळते ते शिकवीत होते. भिंतीवर रंगीत त्रिकोण लावला होता. तळाला अन्नपाणी आणि शरीराच्या गरजा, वर सुरक्षितता, मग आपुलकी, मग मान, आणि टोकाला स्वतःचा विकास. नेतृत्वाच्या शिबिरातून ते हे ज्ञान घेऊन आले होते. उथळ पाण्याला खळखळाट फार.

बायकांच्या संडासाची चावी मात्र सुपरवायझरच्या गळ्यात असे. जी चावी मागेल तिच्या सगळ्या टीमचे गुण कापले जात, म्हणून बायकाच एकमेकींना अडवत. मालकांना यात संघभावना दिसे. शनिवारी सर्वांत मागे पडलेल्या बाईला तांबड्या स्टुलावर उभं करीत आणि बाकीच्यांनी तिला प्रोत्साहन म्हणून टाळ्या वाजवायच्या. या निर्लज्जपणालाही शिबिरात काहीतरी गोंडस नाव असणारच.

सुपरवायझरची बायको कॉलर लावायला बसे. त्याची आई तयार शर्ट तपासायची. सून पोटुशी होती.

"अहो, चावी द्या ना," ती हळूच म्हणाली.

"मघाशीच जाऊन आलीस. टीमच्या बायका मला खातील. स्टुलाचं उरकलं की जा."

नवरा म्हणवतो स्वतःला!

आज स्टुलावर तिचीच पाळी होती. एका हाताने पोट धरून ती चढली. टाळ्या सुरू झाल्या. मग तिच्या पायांवरून ओघळ आला आणि फरशीवर पसरला. टाळ्या थांबल्या. धाकटे मालक त्रिकोणाकडे वळले. लाज वाटली म्हणून नव्हे, त्यांचं टोकाचं सांगायचं राहिलं होतं.

सासू उठली. तपासून ठेवलेला कोरा शर्ट तिने सुनेच्या कमरेला गुंडाळला, तिला खाली उतरवलं आणि मुलाच्या गळ्यातली चावी ओढून घेतली.

"आई, मला जाब विचारतील."

"विचारू देत. तू लहानपणी मला विचारून मुतत नव्हतास."

"आजी, अशाने शिस्त मोडते," मालक म्हणाले.

"मोडू दे. इतके शनिवार मीही टाळ्या वाजवल्या. वर दुसऱ्याची पोर होती ना."

सुनेला घेऊन ती संडासापाशी गेली आणि चावी कुलपातच ठेवली. "ज्याला काढायची त्याने माझ्यासमोर काढावी," ती म्हणाली आणि दाराशीच उभी राहिली. मागच्या मशीनवरची एक बाई उठली. मग तिच्या शेजारची. बघता बघता रांग लागली, आणि त्रिकोणासमोर मालक एकटे उरले.

त्या दिवशी माल कमी निघाला का, असं विचारणारे शहाणे वाचकांतही निघतील. त्यांनी आधी एक अख्खी शिफ्ट अंग आवळून मशीनवर बसावं. मग विचारावं.